हिप इम्पिंजमेंटसाठी लूप बँडचा संच: पैसे वसूल होतात ते आखूड बँडवर

‘हिप मोबिलिटी किट’ म्हणून मिळणाऱ्या संचात बहुधा दोनच प्रकार असतात: साधारण १०४ सेंटीमीटर लांबीचा जाड रबरी लूप बँड आणि मांडीवर चढवायचे दोन-तीन आखूड बँड. खोक्यावर फोटो लांब बँडचा असतो. इम्पिंजमेंटमध्ये, म्हणजे खुब्यात हाडं एकमेकांना टेकून चिमटा बसतो त्या त्रासात, खरं काम मात्र आखूड बँड करतो. ते का, हे कळायला सांध्यात काय अडतं ते आधी पाहायला हवं.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या वाटीत फिरतो. माथ्याखाली, मानेपाशी हाडाला फुगवटा असेल तर तो कॅम प्रकार. वाटीची कडच जास्त पुढे आली असेल तर पिन्सर. अनेकांत दोन्ही थोडं थोडं असतं. उकिडवं बसताना किंवा गुडघा छातीकडे घेऊन मांडी आत वळवताना हाडं एकमेकांना टेकतात आणि वाटीच्या कडेची झालर, म्हणजे लॅब्रम, मध्ये चिमटते. दुखतं ते सहसा जांघेत, खोलवर. असे फुगवटे काहीच न दुखणाऱ्या पुष्कळ माणसांतही सापडतात. म्हणूनच २०१६च्या वॉरविक करारानुसार, म्हणजे या त्रासावर तज्ज्ञांचं जे एकमत झालं त्यानुसार, निदानासाठी लक्षणं, हाताने केलेली तपासणी आणि एक्स-रे किंवा एमआरआय ही तिन्ही जुळावी लागतात. बँड विकत घेण्याआधी ही पायरी गाळू नये.

आता लांब बँड. तो खांबाला किंवा जड, न हलणाऱ्या वस्तूला खाली बांधायचा, पाय त्यात घालून बँड थेट जांघेच्या घडीपर्यंत वर चढवायचा. हातगुडघ्यांवर यायचं, ओढ बाहेरच्या बाजूला राहील असं सरकायचं आणि कंबर हळूहळू टाचांकडे न्यायची. १०-१२ वेळा, दोन फेऱ्या. चिमटा जाणवण्याच्या अलीकडेच थांबायचं. बँड मांडीच्या मध्यावर घसरला तर ओढ सांध्याला न मिळता गुडघ्याकडे जाते. बहुतेकांची चूक इथेच होते. नीट केलं तर हालचाल काही काळ मोकळी वाटते, पण ‘सांध्यात जागा निर्माण करतो’ हा खोक्यावरचा दावा मान्य करता येत नाही. बँडने हाडाचा आकार बदलत नाही. व्यायामाआधीची तयारी, एवढंच त्याचं मोल.

आखूड बँड मात्र हवाच. कुल्ल्याचे स्नायू बळकट झाले की मांडी आत कोसळत नाही, आणि चिमटा बसणारी स्थिती कमी वेळा येते. सुरुवात गुडघ्यांच्या जरा वर बँड घालून ब्रिजने (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं) करावी: १०-१२ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. मग गुडघे किंचित वाकवून बाजूला चालणं. ते सोपं झालं की बँड घोट्यांवर उतरवावा. ताण लगेच वाढतो. कंबर पुढे काढून पाठीचा बाक वाढवू नका, त्याने वाटीची कड पुढे झुकते आणि हाडं लवकर टेकतात. उभ्याने, पावलांभोवती बँड घालून गुडघा उचलण्याचा व्यायाम उत्तम, पण सुरुवातीला मांडी जमिनीला समांतर होण्याच्या आतच थांबा.

संचासोबतच्या पत्रकात गुडघा छातीशी दाबून धरण्याचा ताण हमखास दिलेला असतो. तो सरळ वगळा. जांघ ‘आखडली’ म्हणून ताणत राहणं म्हणजे चिमटलेल्या जागीच पुन्हा दाबणं. व्यायाम करताना दुखणं दहापैकी दोन-तीनपर्यंत चालेल, दुसऱ्या सकाळी ते आधीइतकंच असावं. वाढलं तर हालचालीची खोली कमी करा, मग फेऱ्या.

आखूड बँड कापडी घ्यावेत. पातळ रबराचे गुंडाळी होऊन मांडीत रुततात, आणि लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांना चालत नाहीत. लांब बँड एकाच साच्यातला नको, थराथरांचा हवा: तो तुटण्याआधी बहुधा कडेला सोलपटतो, म्हणजे इशारा मिळतो. उन्हात ठेवू नका. ताणून उजेडात धरल्यावर बारीक चिरा दिसल्या तर टाकून द्या.

किमान १२ आठवडे दिल्याशिवाय संचाला नावं ठेवू नयेत. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ३४८ रुग्णांच्या चाचणीत दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि फिजिओने आखलेला व्यायाम, दोन्ही गटांत सुधारणा झाली. वर्षअखेर शस्त्रक्रियेचा गट जास्त सुधारला होता. त्यामुळे तीन-चार महिने नेटाने करूनही जिना चढताना, मोजे घालताना जांघ तशीच दुखत असेल, तर जाड बँड आणण्याऐवजी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. सांधा अडकून बसत असेल, पायावर भार देता येत नसेल किंवा दुखण्यासोबत ताप असेल, तर तेवढीही वाट पाहू नका.