हॉफमन आधी, पेप नंतर
बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला दहशतवादावरचे एकच पुस्तक विकत घेणे परवडणार असेल, तर त्याने ब्रूस हॉफमन यांचे ‘इनसाइड टेररिझम’ घ्यावे. मात्र 1998ची पहिली नव्हे, तर 2017ची तिसरी आवृत्ती, कारण 11 सप्टेंबरचे हल्ले आणि इसिसचा उदय मधल्या काळातले आहेत. व्याख्येचा किचकट प्रश्न त्यांनी फार सबुरीने हाताळला आहे. रॉबर्ट पेप यांचे ‘डाइंग टू विन’ (2005) अधिक धारदार आहे. 1980 ते 2003 दरम्यानच्या 315 आत्मघाती हल्ल्यांच्या आधारे ते धर्मापेक्षा परकीय लष्करी ताब्याला मुख्य कारण मानतात, आणि श्रीलंकेतील धर्मनिरपेक्ष तमिळ संघटना लिट्टेचे उदाहरण त्या मांडणीला खरोखरच बळ देते. परंतु ज्या 2003च्या लेखातून हे पुस्तक विस्तारले, त्यात केवळ घडलेलेच हल्ले तपासले होते, परकीय ताबा असूनही हल्ले न झालेली ठिकाणे नाहीत, हा अभ्यासकांचा आक्षेप मला रास्त वाटतो. म्हणून ते वाचनालयातून आणावे.