पुण्यातील एक पॅथॉलॉजी लॅब : सही, नमुना आणि नसलेला परवाना

आमच्या घरातील रक्ततपासण्या गेली काही वर्षे घराजवळच्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये होतात. या लॅबची शिफारस मी निःसंकोच करतो आणि त्याचे पहिले कारण अहवालाखालची सही हे आहे. पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच अहवालावर सही करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. येथील एमडी पॅथॉलॉजिस्ट स्वतः लॅबमध्ये असतात, अहवालावर त्यांचा महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो आणि शंका विचारली तर त्या स्वतः फोनवर बोलतात.

ही शिस्त या लॅबने आपणहून पाळावी लागते, याची मात्र खंत वाटते. आरोग्यसंस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा प्रयोगशाळांनाही लागू होतो, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. आपला १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा रुग्णालये आणि प्रसूतिगृहांसाठी आहे, त्यामुळे लॅबच्या दर्जासाठी वेगळा परवानाच नाही. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, परंतु तपासणीचा आकडा बरोबर येतो का, हा प्रश्न त्या परवानगीत येतच नाही.

म्हणूनच येथील नमुना घेण्याची पद्धत मला मोलाची वाटते. रुग्णाला नाव आणि वय विचारून बारकोडची पट्टी त्याच्यासमोरच नळीवर चिकटवतात. सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी) जांभळ्या झाकणाची नळी, साखरेसाठी करड्या झाकणाची. एकदा आईच्या नमुन्यातील रक्तपेशी फुटल्याचे दिसताच त्यांनी अहवाल रोखला आणि जादा पैसे न घेता पुन्हा रक्त घेतले. पेशी फुटल्या की आतले पोटॅशियम बाहेर येते आणि प्रत्यक्षात वाढ नसताना आकडा वाढलेला दिसतो; आईला रक्तदाबाची गोळी चालू असल्याने तो आकडा तसाच हाती आला असता, तर गोळीमुळेच पोटॅशियम वाढले असे समजून औषध विनाकारण बदलले गेले असते.

लॅबला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे. ही मान्यता ऐच्छिक असून ठरावीक तपासण्यांपुरतीच मिळते, त्यामुळे दर्शनी भागातील प्रमाणपत्रावर न थांबता आपली तपासणी त्यात मोडते का, हे काउंटरवर विचारावे. माझी तक्रार एकच आहे. ड जीवनसत्त्वासारख्या काही तपासण्या बाहेरच्या लॅबकडे जातात आणि तशी नोंद अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते. ती गोष्ट रक्त घेण्यापूर्वीच तोंडी सांगायला हवी.