व्हिमट्यूटर की निओव्हिमचा ट्यूटर: आवराआवर कुठे सोपी?

व्हिम हा मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्राम (टेक्स्ट एडिटर), आणि निओव्हिम त्यातूनच फुटलेली शाखा. दोन्हींसोबत नवशिक्यांसाठी धड्यांची फाइल येते; तिचा मजकूर आणि मांडणी आवरायची तर कुठली सोपी, हा प्रश्न. व्हिम शिकवणारा व्हिमट्यूटर ही साधी टेक्स्ट फाइल आहे. मायकल पिअर्स आणि रॉबर्ट वेअर यांनी ती कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समध्ये लिहिली, पुढे ब्राम मोलेनार यांनी ती व्हिमसाठी बदलली. सजावट म्हणाल तर मोकळ्या जागा आणि धड्यांमधल्या ~~~~ च्या रांगा. एक धडा एका स्क्रीनभर बसावा अशी बेताची मांडणी आहे. दोन ओळी वाढवल्या की धड्याचं शेपूट स्क्रीनबाहेर जातं.

निओव्हिमचा ट्यूटर मार्कडाउनच्या, म्हणजे साध्या चिन्हांनी सजावट सांगणाऱ्या पद्धतीच्या, वळणाचा. शीर्षकाला #, कमांडला उलटे अवतरण. चिन्हं लपतात आणि मजकूर नीटस दिसतो. सरावाची ओळ बरोबर झाली की फुलीच्या जागी बरोबरची खूण येते. पण मेख इथेच आहे: कोणत्या ओळीत काय हवं, हे शेजारच्या जेसन (JSON) प्रकारच्या नोंदींच्या फाइलमध्ये ओळ क्रमांकानुसार नोंदलेलं असतं. वर एक रिकामी ओळ घातलीत की खालचे सगळे क्रमांक सरकतात, आणि अचूक उत्तरालाही फुली मिळते.

दोन्हीकडे एक पथ्य समान. ‘ccow jumpedd’ छाप चुका मुद्दाम ठेवलेल्या आहेत. शुद्धलेखनाच्या उत्साहात त्या सुधारल्या तर विद्यार्थ्याने खोडायचं काय?

वाचायला मला निओव्हिमचा आवडतो. पण आवराआवरीला पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने व्हिमट्यूटरच घ्यावा; तिथली चूक निदान डोळ्यांना दिसते.