चमच्यावरील पाच ठसे आणि लष्करातील एक दुकान

आत्याच्या सासऱ्यांनी खडकीच्या छावणीतील एका लिलावात घेतलेला चांदीचा मोठा चमचा वारशाने माझ्याकडे आला. लक्ष्मी रस्त्यावरील सराफांनी तो काट्यावर ठेवला आणि ‘एकसष्ट ग्रॅम भरतोय, मोडीत घालायचा का?’ एवढेच विचारले. त्यामुळे पुणे लष्कर भागातील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात, जिथे ठसे वाचून लेखी टिपण करून देतात, मी तो १,५०० रुपये शुल्क भरून दिला.

दुकानाचे खरे कौशल्य भिंगाखाली दिसते. चमच्याच्या दांड्यामागे, शेंड्याजवळ पाच ठसे आहेत: कारागिराची वळणदार अक्षरे ‘एच बी’, चालता सिंह, मुकुटधारी बिबट्याचे डोके, वर्षाचे अक्षर आणि राजा तिसरा जॉर्ज याचा मुखवटा. सिंह म्हणजे ९२.५ टक्के शुद्धता आणि बिबट्या म्हणजे लंडन, हे मलाही ठाऊक होते. अडचण वर्षाच्या अक्षराची होती, कारण घासून घासून पुसट झालेले ते अक्षर छोट्या लिपीतील ‘आय’ (१७८४) की ‘एल’ (१७८६), हे काही केल्या ठरेना. दुकानदारांनी चमचा दिव्याखाली तिरका धरला आणि राजाचा मुखवटा पाहायला सांगितले. चांदीवरील कर भरल्याची ही खूण डिसेंबर १७८४ मध्ये सुरू झाली. पहिले दीड वर्ष ती खोलगट उमटवत आणि १७८६ पासून उठावाची. माझ्या चमच्यावरील मुखवटा उठावाचा, म्हणजे अक्षर ‘एल’च. या दोन मिनिटांतच माझे पैसे वसूल झाले.

‘एच बी’ म्हणजे हेस्टर बेटमन. तिचा बाप्तिस्मा १७०८ चा. १७३२ मध्ये तिने सोन्याच्या साखळ्या घडवणाऱ्या जॉन बेटमन यांच्याशी लग्न केले. १७६० मध्ये ते क्षयाने गेले तेव्हा त्यांची हत्यारे मृत्युपत्रान्वये तिच्याकडे आली आणि एप्रिल १७६१ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, तिने लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, म्हणजे सोनारांच्या संघाच्या कचेरीत, स्वतःचा ठसा नोंदवला. तिला लिहिता येत नव्हते असे मानले जाते, आणि आज तिची ओळख आहे ती या दोन अक्षरांनीच. सुरुवातीची बरीच वर्षे बनहिल रो येथील तिच्या कार्यशाळेत इतर चांदीकारांच्या मागणीचे काम होत असल्याने त्या काळातील तिचा ठसा क्वचितच सापडतो. हा सर्व भाग टिपणात नेटका आला आहे.

तक्रारी दोन आहेत. आठ दिवसांचा वायदा असलेले टिपण पाचव्या आठवड्यात मिळाले आणि दरम्यानच्या काळात दूरध्वनी मीच करत राहिलो. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. टिपणात चमचा ‘हेस्टर यांनी स्वहस्ते घडवलेला’ असे ठोकून दिले होते. ठसा हा कार्यशाळेच्या मालकिणीचा. १७८६ मध्ये तिचे वय सत्त्याहत्तरच्या पुढे होते आणि हाताखाली मुले व कारागीर होते, तेव्हा दांड्यावरील तिरके काप देऊन केलेली चकाकती नक्षी कोणी कोरली, हे ठशावरून सांगता येत नाही. विकताना अशा वाक्याने भाव वाढतो, हे खरे. हरकत घेतल्यावर मात्र त्यांनी वाद न घालता ते वाक्य बदलून दिले, हेही नमूद करायला हवे.

वंशावळ मात्र अपुरीच राहिली. १७९० मध्ये हेस्टर निवृत्त झाली, मुलगे पीटर आणि जोनाथन यांनी ठसा नोंदवला, इथे टिपण संपते. पुढच्याच वर्षी जोनाथन वारला आणि त्याची विधवा अ‍ॅन हिने दिराबरोबर नवा ठसा नोंदवला, म्हणजे सासूपाठोपाठ सूनही वैधव्यानंतरच नोंदवहीत आली. या घराण्यातली मला सर्वांत लक्षणीय वाटलेली हीच गोष्ट टिपणात नाही. ती मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.

कोणी जाणार असल्यास चांदी उजळून नेऊ नये, उरलेसुरले ठसेही त्यात झिजतात. टिपण मिळण्याची तारीखही लेखी घ्यावी.