पहिला गेमिंग संगणक, साठ हजारांची मर्यादा आणि डिचोलीचा एक पावसाळा

बारावीनंतरच्या सुट्टीत, मे २०२५ मध्ये, माझा भाचा एका दुकानाचे हाताने लिहिलेले कोटेशन घेऊन गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरी आला. प्रोसेसर, मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड), रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांची नावे त्यावर ठळक अक्षरांत होती, ‘आरजीबी कॅबिनेट’ (रंगीत दिव्यांची पेटी) या शब्दांखाली रेघ ओढलेली होती आणि एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, रकान्यात ‘५०० वॅट गोल्ड’ एवढेच लिहिले होते; कंपनीचे नाव नाही, मॉडेल नाही, हमीची वर्षे नाहीत. “मामा, कार्ड बरं आहे ना?” हा त्याचा पहिला प्रश्न. कार्ड बरे होते. माझी नजर मात्र त्या रकान्यावरून हलेना.

त्यानंतर आम्ही जो संगणक जोडला, तो एक अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. पहिल्यांदा गेमिंग संगणक घेणाऱ्याला कार्ड आणि प्रोसेसर यांच्याबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. गोव्यासारख्या दमट, विजेचा लपंडाव चालणाऱ्या मुलखात तो संगणक टिकवणाऱ्या भागांबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून माझा भर तिकडे अधिक आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्या दुकानात गेलो आणि तो ‘गोल्ड’ एसएमपीएस हातात घेऊन पाहिला. खोके हलके होते. एसएमपीएसच्या बाजूला जे लेबल असते, त्यात +१२ व्होल्टच्या खाली १८ ॲम्पिअर असे छापले होते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांचीही मुख्य भूक याच १२ व्होल्टच्या वाहिनीवर भागते, त्यामुळे खरी ताकद मोजायची तर बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॅट. खोक्यावरचे ५०० आणि लेबलावरचे २१६ यांतला फरक मी भाच्याला तिथेच कागदावर करून दाखवला. कार्डाला लागणारी आठ पिनांची स्वतंत्र जोडणीही त्यात नव्हती. तिच्याऐवजी जुन्या चार पिनांच्या तारेवरून बदलून घेण्याचा एक तुकडा दिला होता. ‘गोल्ड’ हे केवळ त्या वस्तूचे नाव होते, ८० प्लस प्रमाणपत्राची खूण कुठेही नव्हती. ती खूण असली तरी ती सांगते कार्यक्षमता, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज वाया जात नाही ते. आतली संरक्षक मंडले कितपत चांगली आहेत हे ती सांगत नाही. म्हणून प्रमाणपत्र, लेबलावरचे ॲम्पिअर आणि हमीची वर्षे या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. आम्ही शेवटी दुसऱ्या दुकानातून ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ प्रमाणपत्राचा, पाच वर्षांच्या हमीचा एसएमपीएस ४,६०० रुपयांना घेतला. एकूण खर्चात हा आकडा लहान दिसतो, पण याच पैशांबद्दल मला सर्वांत अधिक समाधान आहे.

एसएमपीएस चांगला असून भागत नाही, घराचे अर्थिंगही नीट लागते. आमचे घर जुने, चिऱ्यांचे. भिंतीतला सॉकेट तीन छिद्रांचा होता, परंतु तिसऱ्या छिद्रामागची तार कुठेच जोडलेली नव्हती, हे संगणक सुरू केल्यावर कळले. अनवाणी पायांनी कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लावताच मुंग्या आल्या. टेस्टर टेकवला तर त्याचा दिवा मंद पेटला. हा एसएमपीएसचा दोष नव्हे. त्याच्या आत विद्युत गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून धातूच्या सांगाड्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात, आणि अर्थिंगची वाट बंद असली की सांगाड्यावर पुरवठ्याच्या साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचा दाब तरंगत राहतो. त्यातून वाहणारा प्रवाह अगदी थोडा असतो, पण ती अवस्था तशीच ठेवणे चुकीचे आहे. आम्ही परवानाधारक वीजतंत्रीला बोलावून परसात विहिरीच्या कडेला नवे अर्थिंग करून घेतले. जागा विहिरीजवळची निवडली, कारण आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग कमकुवत होते. त्यानंतर टेस्टरचा दिवा पेटला नाही. हा खर्च घराचा म्हणून संगणकाच्या हिशेबात धरलेला नाही, पण ज्यांचे घर जुने आहे त्यांनी यंत्र आणण्याआधीच हे तपासून घ्यावे.

यूपीएसच्या बाबतीतही एक हिशेब करावा लागतो. आमचा प्रोसेसर ६५ वॅटच्या गटातला असला तरी जोर लागल्यावर ७६ वॅटपर्यंत जातो, कार्ड १३२ वॅटचे आहे. बोर्ड, पंखे आणि बाकीचे धरून खेळताना अडीचशे वॅटच्या आसपास लागतात. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा (व्होल्ट-ॲम्पिअर, यूपीएसच्या ताकदीचे माप) यूपीएस बहुधा ३६० वॅट देतो. मॉनिटर जोडला आणि बॅटरी जुनी होत गेली की एवढी फट पुरत नाही. आम्ही १,००० व्हीएचा घेतला, ४,७०० रुपयांना. वीज गेल्यावर त्यावर खेळत बसायचे नसते, गेम जतन करून संगणक रीतसर बंद करायचा असतो, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते काम त्याने जवळपास दर आठवड्याला केले. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट सुरू झाला की मात्र आम्ही प्लग आणि नेटची केबल दोन्ही काढून ठेवतो. तेवढ्या आघातापुढे यूपीएसवर विसंबता येत नाही.

प्रोसेसर म्हणून आम्ही रायझन ५ ५६०० घेतला. २०२२ साली आलेला, सहा कोअर (गणना करणारे भाग) आणि बारा थ्रेडचा (एकाच वेळी चालणारी कामे) हा प्रोसेसर आजही १०८०पीवर (फुल एचडी पडद्यावर) खेळणाऱ्याला पुरून उरतो, आणि सोबत त्याचा पंखा मिळत असल्याने वेगळा कूलर घ्यावा लागत नाही. कोटेशनमध्ये मात्र ५६००जी लिहिला होता, आणि ‘ग्राफिक्स आतच आहे, म्हणजे अधिक चांगला’ असे कारण देण्यात आले होते. ५६००जीमध्ये ग्राफिक्सची सोय असते हे खरे. पण त्याची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, १६ एमबी असते, ५६००ची ३२ एमबी, आणि गेममध्ये या कॅशचा उपयोग जाणवतो. वेगळे कार्ड लगेच घ्यायचे असेल तर ५६००जीला अर्थ नाही. मात्र ज्याच्याकडे पस्तीस हजारच आहेत आणि कार्ड पुढच्या वर्षी घ्यायचे आहे, त्याच्यासाठी ५६००जी हा अगदी प्रामाणिक आरंभ आहे. इंटेलचा आय३ १२१००एफ आणखी स्वस्त पडला असता आणि त्याच्या बोर्डावरच्या सॉकेटमध्ये पुढे मोठा प्रोसेसरही बसतो. केवळ व्हॅलोरंटसारखा हलका गेम खेळणाऱ्याला मी तोच सुचवीन. भाच्याला अभियांत्रिकीला जायचे असल्याने चारऐवजी सहा कोअर घेतले.

मदरबोर्ड बी५५० चिपसेटचा (म्हणजे बोर्डांच्या त्या गटातला) आहे. बी४५० स्वस्त मिळत होता, पण दुकानातल्या जुन्या साठ्यातल्या बी४५० बोर्डाचे बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्राम) अद्ययावत नसेल तर तो या प्रोसेसरला ओळखत नाही, आणि पहिल्यांदा संगणक जोडणाऱ्याची तिथेच फसगत होते.

ग्राफिक्स कार्डावर सर्वाधिक पैसा गेला, २१,५०० रुपये, आणि तो तसाच जायला हवा. आम्ही घेतलेले आरएक्स ६६०० हे २०२१चे, ८ जीबी मेमरीचे कार्ड आहे आणि ते मुळात १०८०पीसाठीच काढलेले आहे. त्या मर्यादेत ते सरळ, थंड डोक्याने काम करते: बहुतेक गेम वरच्या सेटिंगवर नितळ चालतात, अगदी नव्या आणि जड गेममध्ये सावल्या आणि टेक्स्चर एकेक पायरी खाली आणावे लागतात. रे ट्रेसिंगचा (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याच्या तंत्राचा) मोह मात्र या कार्डावर ठेवू नये. तेव्हा याच किमतीच्या आगेमागे आरटीएक्स ३०५० मिळत होते. ब्लेंडरसारख्या (३डी चित्रांच्या) कामासाठी किंवा डीएलएसएससाठी (गेमचे चित्र कमी ताकदीत वेगाने काढण्याचे एनव्हीडियाचे तंत्र) ज्याला एनव्हीडियाच हवे आहे त्याने ते घ्यावे, पण निव्वळ खेळण्याच्या वेगात ६६०० पुढे आहे. शिवाय ३०५० या एकाच नावाने दोन निराळी कार्डे विकली जातात. ८ जीबीचे कार्ड २०२२चे, ६ जीबीचे २०२४चे, आणि दुसऱ्यात केवळ मेमरीच कमी नाही, तर कोअरही कमी आणि मेमरीचा मार्गही अरुंद आहे. बिलावर नुसते ‘आरटीएक्स ३०५०’ लिहून घेऊ नये.

जुनी वापरलेली कार्डेही स्वस्तात दाखवली जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डांवर गणिते सोडवून ते चलन मिळवणे) बंद झाल्यावर रात्रंदिवस राबवलेली अनेक कार्डे बाजारात आली. ज्याला कार्ड उघडून पाहता येते त्याने ती घ्यावीत, पहिल्याच संगणकासाठी ती माझ्या मनाला पटत नाहीत.

रॅमच्या बाबतीत ‘आत्ता १६ जीबीची एकच काडी घ्या, पुढे दुसरी वाढवा’ हा सल्ला आम्हाला दोन ठिकाणी मिळाला. ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो, पण एका काडीवर प्रोसेसरला मेमरीचा एकच मार्ग मिळतो आणि गेममध्ये दर सेकंदाच्या चित्रांची संख्या घसरते. आम्ही ८ जीबीच्या दोन काड्या, डीडीआर४, ३२०० वेगाच्या घेतल्या आणि त्या बोर्डाच्या पुस्तिकेप्रमाणे दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या. पैसे ३२०० वेगाचे दिले तरी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेग देणारी सोय) चालू करेपर्यंत त्या कमी वेगानेच धावतात. दुकानदाराने जोडून दिलेले कित्येक संगणक वर्षानुवर्षे त्याच अवस्थेत चालतात, हे मी स्वतः ओळखीच्या घरांत पाहिले आहे. तसेच मॉनिटर सेकंदाला शंभर चित्रे दाखवणारा, म्हणजे १०० हर्ट्‌झचा असला तरी विंडोजमध्ये तो ६०वर राहू शकतो, आणि मॉनिटरची केबल बोर्डाला नव्हे तर कार्डाला जोडायची असते. व्हॅलोरंटसाठी विंडोज ११वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (बायोसमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी) हेही सुरू असावे लागते. ही चारही कामे पंधरा मिनिटांची आहेत.

रॅमची किंमत तेव्हा ३,४०० पडली. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे आज हा आकडा धरून कोणी बाजारात जाऊ नये. आमचे बिल यूपीएस धरून ५९,५०० रुपयांचे झाले. मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस त्यात नाहीत.

कॅबिनेट निवडताना भाच्याचा आणि माझा थोडा मतभेद झाला. त्याला समोर काच असलेले, दिव्यांचे पंखे चमकणारे हवे होते. मी समोर जाळी असलेले घ्यायला लावले, कारण एसी नसलेल्या खोलीत मे महिन्यात काचेमागच्या पंख्यांना हवा घ्यायला जागाच राहत नाही. जाळीतून धूळ येते, हे मान्य. डिचोलीच्या रस्त्यावरची लाल धूळ जाळीवर दर पंधरा दिवसांनी दिसू लागते. ती रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडायची. आतला पंखा साफ करताना पाते बोटाने धरून ठेवायचे, म्हणजे ब्लोअरच्या झोताने ते गरगरत नाही. मागच्या बाजूच्या रिकाम्या पट्ट्या काढून टाकू नयेत. आपल्याकडे त्या फटीतून पाल आत शिरते आणि उबेसाठी एसएमपीएसपाशी जाऊन बसते.

दमट हवेचा परिणाम आम्ही चतुर्थीनंतर पाहिला. गणपतीसाठी हॉल मोकळा करताना संगणक आतल्या खोलीत हलवला होता आणि तो बारा दिवस बंद राहिला. पुन्हा लावला तेव्हा पंखे फिरले, पण पडदा काळाच, आणि बोर्डावरचा रॅमचा छोटा दिवा पेटलेला. भाचा घाबरला. मी प्लग काढून दोन्ही काड्या बाहेर काढल्या, त्यांचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासले, रबराचा चुरा झटकला आणि काड्या दोन्ही टोकांना ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवल्या. पडदा उजळला. तेव्हापासून पावसाळ्यात, वापर असो वा नसो, संगणक दिवसातून अर्धा तास चालू ठेवायचा असा नियम केला आहे. आतली ऊब ओल धरू देत नाही.

खरेदी पणजीत करावी, मडगावात की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी धरला आहे की नाही, प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर येणार का, आणि वस्तू बिघडल्यास ती गोव्यातच स्वीकारली जाईल की बंगळुरूला पाठवावी लागेल, हे तीन प्रश्न विचारून मग भावांची तुलना करावी. मुंबईत वाचलेले दोन हजार एका परतफेरीत संपतात.

एका निवडीबद्दल मी समाधानी नाही. पैसे वाचवण्यासाठी एसएसडी ५०० जीबीची घेतली आणि विंडोज, कॉलेजची कामे व तीन मोठे गेम यांतच ती भरली, कारण शंभर जीबीहून मोठा गेम ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. सुदैवाने बोर्डावर एम.२ची (एसएसडी बसवण्याची) दुसरी खाच रिकामी आहे. तिचा तो इवलासा स्क्रू एका छोट्या पुडीत घालून कॅबिनेटच्या तळाशी चिकटपट्टीने लावून ठेवला आहे. तो हरवला तर त्या मापाचा दुसरा आमच्या बाजारात शोधूनही मिळत नाही.