कॅम्पस मासिकात 'विद्यार्थी लेखक' म्हणून एक वर्ष : ताईंसाठी जा, पावतीबुक घेऊ नका

नाव टाकत नाहीये, उगाच भांडण नको आणि माझा एक लेख अजून त्यांच्याकडे पडून आहे. पण नाशिकच्या कॉलेज रोडला ज्यांचा वावर आहे त्यांनी हे मासिक झेरॉक्सच्या दुकानात काउंटरवर नक्की बघितलं असेल. चकचकीत कव्हर, आत फेस्टचे फोटो, क्लासेसच्या जाहिराती आणि मधेमधे आमच्यासारख्यांचे लेख. गेल्या वर्षी एसवायला असताना कॅन्टीनच्या भिंतीवर पोस्टर दिसलं, 'विद्यार्थी लेखक हवेत', खाली फोन नंबर. मैत्रीण म्हणाली तू एवढे लांबलचक स्टेटस टाकते, जा की. गेले.

ऑफिस कॅनडा कॉर्नरच्या बाजूला, एका दुकानावर दोन खोल्या. पहिल्या दिवशी आम्ही चौदा जण होतो. प्रत्येकाने आपापल्या कॅन्टीनवर चारशे शब्द लिहा म्हणाले, तिथंच बसून. मी लिहिलं, 'कॅन्टीन म्हणजे कॉलेजचा आत्मा'. लेख तपासायला एक ताई होत्या, आधी पेपरमध्ये उपसंपादक होत्या त्या, त्यांनी त्या वाक्याला गोल केला आणि विचारलं, आत्मा राहू दे, वडापाव केवढ्याला मिळतो? मला सांगताच येईना!! दोन वर्ष तिथं खात होते पण पैसे दरवेळी मैत्रीणच भरायची आणि मी महिन्याला एकदम तिला द्यायचे. तरी घेतलं मला. चौदातले सहा राहिले.

आता खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकारात पैसे वसूल होण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि ती म्हणजे या ताई. बाकी मासिक ठीकठाक आहे.

उदाहरण देते. माझा पहिला मोठा लेख होता पेठ, दिंडोरीकडून रोज एसटीने येणाऱ्या मुलींवर. मी घरी बसून मस्त लिहून काढला, 'ग्रामीण भागातील विद्यार्थिनींना अनेक अडचणींना सामोरे जावे लागते' वगैरे, आणि शेवटी असंही ठोकून दिलं की मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यामुळे प्रश्न बराचसा सुटलाय. ताईंनी वाचलं आणि म्हणाल्या, अनेक म्हणजे किती गं, आणि सामोऱ्या जातात कुठे, स्टँडवरच ना? मग तू पण जा. मग तीन संध्याकाळी सीबीएसला, म्हणजे आपल्या एसटी स्टँडवर, जाऊन उभी राहिले. पहिल्या दिवशी कोणी बोलेना, दुसऱ्या दिवशी एकीने शेंगदाणे दिले आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या. तिथं कळलं की रोज ये-जा करणाऱ्या मुली अर्धं तिकीट काढतच नाहीत, विद्यार्थी पास त्याहून स्वस्त पडतो कारण पासला भाड्याचे एक-तृतीयांशच भरावे लागतात. म्हणजे माझा अख्खा शेवट चुकीचा. अडचण गाडीच्या वेळेची होती. एकीचं प्रॅक्टिकल पाचला सुटणार आणि तिची गाडी त्याच्या आधी निघणार, मग ती रोज अर्धा तास आधी उठून जाते आणि जर्नलवर सही राहते. एक मुलगी जर्नल गाडीतच लिहायची, म्हणाली कोटंबी घाट आला की पेन बंद, घाट संपला की परत चालू. हे मी लिहिलं आणि ताईंनी फक्त एवढंच केलं की माझा पहिला पॅरा उडवला आणि या मुलीला वर आणलं. लेख माझा मलाच ओळखू येईना, पण चांगल्या अर्थाने. आमच्या मराठीच्या वर्गात निबंधाला दहापैकी आठ मिळतात आणि विषय संपतो, तिथं कोणी आपलं वाक्य हातात घेऊन असं उलटंपालटं करत नाही.

दुसरं त्यांचं म्हणजे 'करण्यात आले', 'उपस्थित होते', 'संपन्न झाला' या शब्दांवर बंदी. २७ फेब्रुवारीच्या अंकासाठी आमच्यातल्या पाच जणांनी मराठी भाषेवर लेख दिले आणि पाचही लेख अमृतापासूनच सुरू, ताईंनी पाचही परत केले आणि म्हणाल्या, रिक्षावाले सवारीशी कसं बोलतात ते ऐकून या. एकदा सगळ्यांना सावानात पण पाठवलं, आपलं सार्वजनिक वाचनालय हो, १८४० सालचं, तिथं बसून कुठलंही जुनं मासिक घ्या आणि लेखाची पहिली ओळ वहीत उतरवा, अशा वीस ओळी आणा. मला वाटलं टाईमपास आहे. नव्हता, वीसपैकी सतरा ओळींत कोणीतरी माणूस काहीतरी करत होता.

आता वाईट.

तो एसटीचा लेख साडेसातशे शब्दांचा होता, छापून आला चारशे तीसचा. का? तर प्रेसला जायच्या आदल्या रात्री एका स्पोकन इंग्लिशवाल्यांची अर्धं पान जाहिरात आली. मधे पिन मारलेल्या अंकाची पानं चारच्याच पटीत वाढतात, त्यामुळे बत्तीसचा अंक अर्ध्या पानासाठी छत्तीसचा करायला कोण पैसे घालेल, मग लेखच कापायचा. हे मला कोणी सांगितलं नाही, अंक हातात आल्यावर कळलं. घाट राहिला पण प्रॅक्टिकलची सही उडाली, म्हणजे ज्यासाठी लेख होता तेच गेलं. आणि ज्या मुलीला मी अंक द्यायला स्टँडवर गेले ती म्हणाली छान आहे ताई, पण सहीचं नाही लिहिलं का? काय सांगणार.

फॉन्टचा वेगळाच गोंधळ. आपण मोबाईलवर युनिकोडमध्ये टाईप करतो, त्यांचा पानं लावणारा दादा श्रीलिपी नावाच्या जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, मधे कन्व्हर्टर मारतात आणि मग 'दुसऱ्या'चं 'दुसर्‍या', 'ॲडमिशन'च्या जागी चौकोन. माझं आडनाव दोनदा चुकलं. प्रूफ बघायला द्या म्हणलं तर वेळ नाही. दोन अंकांनंतर मी स्वतःच प्रेसच्या आदल्या दिवशी जाऊन दादाच्या शेजारी बसायला लागले, चहा पाजायचा आणि आपलं पान बघून घ्यायचं. हे तुम्ही पण करा, दादा चांगला आहे.

पैशांचं सांगते. लेखक व्हायचं तर आधी साडेचारशे रुपये वार्षिक वर्गणी, म्हणजे लिहायचं पण आपण आणि विकत पण आपणच घ्यायचं. मानधन नाही, वर्षाच्या शेवटी सर्टिफिकेट. इथपर्यंत पण मी चालवून घेतलं असतं. पण तिसऱ्या महिन्यात सरांनी, म्हणजे मालक, सगळ्यांच्या हातात पावतीबुक दिलं. ओळखीच्या दुकानांतून, क्लासमधून जाहिराती आणा, दहा टक्के तुमचे. मी गंगापूर रोडला दोन मेसवाल्या काकूंकडे गेले आणि एकीने लगेच हो म्हणलं, आणि पुढच्याच महिन्यात मला विषय मिळाला मेसच्या जेवणाचा. आता काकूंची डाळ पाण्यासारखी असते हे मी कसं लिहू? ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या दोन्हीपैकी एकच कर. मी पावतीबुक परत दिलं, सर आठवडाभर बोलले नाहीत. बाबांना कळलं तर ते आपले नेहमीचं, शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज, एचपीटी कॉलेजात शिकत असताना त्यांच्या कविता 'रत्नाकर' मासिकात छापून यायच्या, त्यांनी काय जाहिराती गोळा केल्या का! बाबांना प्रत्येक गोष्टीत तात्यासाहेब, म्हणजे शिरवाडकरच, आठवतात, पण यावेळी बरं वाटलं.

अजून एक, फॉर्मवर सही करताना खाली बारीक अक्षरात आहे की लेखाचे सर्व हक्क मासिकाकडे. मी न वाचता सही केली होती. आतेभाऊ वकिली शिकतोय, त्याने बघितलं आणि म्हणाला की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे, हक्क द्यायचे तर लेखी लागतं, आणि करारात मुदतच लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणजे कायमचे गेले असं नाही, पण पाच वर्षं माझाच लेख मी दुसरीकडे द्यायचा तर यांना विचारा. दुसऱ्या वर्षीच्या फॉर्मवर मी ती ओळ पेनाने खोडून 'फक्त एकदा छापण्यासाठी' लिहिलं, सरांनी काही न बोलता सही केली. म्हणजे विचारलं तर देतात, सांगत नाहीत एवढंच.

कोणी म्हणेल मग कॉलेजचा वार्षिकांक काय वाईट? फुकट आहे, हे खरं. पण आमचा अंक आपण पास होऊन गेल्यावर येतो आणि त्यात तुमच्या कवितेचा एक काना पण कोणी हलवत नाही, जशी दिली तशी छापतात, एनएसएसच्या फोटोंच्या मागे.

पाचपैकी तीन स्टार. तिन्ही ताईंचे. त्या सोडून गेल्या तर हा रिव्ह्यू रद्द समजा. नवीन मुलं दिवाळीनंतर घेतात, ताई मंगळवार आणि शुक्रवारी साडेपाचनंतर असतात, इतर दिवशी गेलात तर सर भेटतील आणि सरांच्या टेबलावर पावतीबुकं आहेत. जिन्यात लाईट नाहीये, मोबाईलचा टॉर्च लावून जा.