इटलीतील जुन्या घराचा इसार आणि गेलेले १७,८३७ युरो

इटलीच्या अब्रुत्सो भागात, डोंगरावरील एका लहान गावात जुने दगडी घर घेऊन ते दुरुस्त करण्याच्या व्यवहारात आमचे १७,८३७ युरो आणि २० सेंट बुडाले. २०२३ च्या दराने ही रक्कम सोळा लाख रुपयांच्या घरात जाते. हे लिहिताना लाज वाटते, परंतु माझ्याच ओळखीतील तीन मराठी कुटुंबे सध्या तिकडे अशी घरे पाहत आहेत, त्यामुळे गप्प बसणे मला योग्य वाटत नाही.

इटलीतील काही गावांत पडकी घरे नाममात्र एक युरोला देतात, तशा घरामागे आम्ही धावलो नव्हतो, हे आधीच स्पष्ट करतो. या घराची किंमत ४२,००० युरो सांगितली होती आणि छत खचलेल्या घरासाठी ती अवास्तव स्वस्तही नव्हती. दक्षिण जर्मनीतून दोनदा गाडीने जाऊन आम्ही घर पाहिले, भिंतींना हात लावून ओल तपासली, तळघरातील द्राक्षे तुडवण्याचे दगडी कुंडही पाहिले. दलाल इंग्रजी उत्तम बोलत होता आणि त्याच्या प्रत्येक कागदावर नोंदणी क्रमांक छापलेला होता. तो क्रमांक दुसऱ्याच दलालाचा होता, हे नंतर कळले. इटलीत दलालाची नोंद चेंबर ऑफ कॉमर्सकडे असावी लागते आणि ती कोणालाही पाहता येते. ती पाहिल्याशिवाय घर बघायलासुद्धा जाऊ नका.

करारावर सही करताना ८,००० युरो ‘कापारा’ म्हणून दिले. कापारा म्हणजे आपला इसारच: घेणारा फिरला तर तो बुडतो, विकणारा फिरला तर त्याला दुप्पट मागता येतो. दलाली तीन टक्के, म्हणजे १,२६० युरो, त्यावर २२ टक्के कर धरून १,५३७ युरो २० सेंट. मोजणी आणि नकाशांसाठी दलालानेच आणलेल्या ‘जिओमेत्रा’ला, म्हणजे मोजणीदाराला, १,८०० युरो. शेवटी छताच्या चेस्टनटच्या तुळयांसाठी ६,५०० युरो आगाऊ, कारण ‘लाकूड हिवाळ्याआधी घेतले नाही तर भाव वाढेल’.

ज्या क्षणी मी थांबायला हवे होते, तो क्षण मला आजही जसाच्या तसा दिसतो. घराचा नोंदणी उतारा, ज्याला तिकडे ‘विझुरा’ म्हणतात, माझ्यासमोर टेबलावर होता. त्यावर चार नावे होती. पहिल्या नावापुढे ६/१२ आणि उरलेल्या तिघांपुढे प्रत्येकी २/१२. समोर बसून सही करणारा गृहस्थ त्या शेवटच्या तिघांपैकी एक होता, म्हणजे बारापैकी फक्त दोन हिश्श्यांचा मालक. मी त्या अपूर्णांकांवर बोट ठेवले आणि इतरांचे काय, असे विचारले. दलाल म्हणाला की दोघे अर्जेंटिनात असतात, सगळ्यांचे मुखत्यारपत्र आलेले आहे आणि नोटरी ते अंतिम खरेदीखताच्या वेळी तपासतोच. मी बोट उचलले. माझ्या वडिलांनी सातारा जिल्ह्यातील जमिनीच्या सातबाऱ्यावरील हिस्सेदारांपायी पंचवीस वर्षे तलाठ्याकडे खेटे घातले. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांशिवाय इसार द्यायचा नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तरीही मी ते मुखत्यारपत्र पाहायला मागितले नाही. इटलीतील नोटरी हा आपल्याकडच्यासारखा शिक्का मारणारा नसतो, तो मालकी तपासणारा सरकारमान्य अधिकारी असतो, हे खरे आहे, पण तुम्ही आधी नेमला नाही तर तो शेवटी येतो आणि इसार त्यापूर्वीच गेलेला असतो.

इसार मी विक्रेत्याच्या नावानेच पाठवला होता, त्यामुळे मला पूर्ण बेफिकीर म्हणता येणार नाही. खाते मात्र त्याचे नव्हते. त्या वेळी बँक नाव आणि खाते क्रमांक जुळवून पाहत नसे. युरो वापरणाऱ्या देशांत ही पडताळणी ९ ऑक्टोबर २०२५ पासून बंधनकारक झाली. आता पैसे पाठवताना बँकेच्या स्क्रीनवर नाव जुळत नाही असे दिसले, तर दलालाने काहीही कारण सांगितले तरी पैसे पाठवू नका.

ऑगस्टमध्ये आम्ही तुळयांची मापे घ्यायला गेलो, तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या एक वृद्ध बाई काठी टेकत आल्या आणि ‘आमच्या घराच्या कुलपाशी काय करता?’ असे विचारू लागल्या. उताऱ्यावरील ६/१२ त्यांचेच होते. घर विकायला काढले आहे, हे त्यांच्या कानावरही नव्हते. दलालाचा फोन त्या संध्याकाळपासून बंद आहे.

यानंतरचा मनस्ताप पैसे गेल्यापेक्षा मोठा आहे. गावच्या पोलीस चौकीत सांगितले की करारावर सही आहे, म्हणजे हा दिवाणी वाद आहे, वकील करा. जर्मनीतील आमच्या शहरात पोलिसांनी कागद घेतले आणि गुन्हा इटलीत घडला म्हणून तिकडे जायला सांगितले. बँकेने लिहिले की रक्कम तुम्ही स्वतः मंजूर केली होती आणि समोरचे खाते रिकामे आहे. वकिलातीतून वकिलांची यादी आली, दुसरे काही नाही. प्रत्येकाने नम्रपणे पुढच्या दाराकडे बोट दाखवले आणि त्यात नऊ आठवडे गेले. इटलीत अशा फसवणुकीची रीतसर फिर्याद, म्हणजे ‘क्वेरेला’, गुन्हा लक्षात आल्यापासून तीन महिन्यांत द्यावी लागते, हे त्या चौघांपैकी एकानेही मला सांगितले नाही. ते एका वकिलाकडून २०० युरो देऊन कळले आणि मुदतीला अकरा दिवस उरले असताना मी फिर्याद नोंदवली.

घर घ्यायचेच असेल तर प्राथमिक करारसुद्धा स्वतः निवडलेल्या नोटरीसमोर करा आणि त्याची नोंद मालमत्ता नोंदवहीत करून घ्या. अंतिम किंमतही नोंद पूर्ण होईपर्यंत नोटरीच्या स्वतंत्र खात्यात ठेवता येते, २०१७ च्या कायद्याने तशी सोय आहे. दलालाने आणलेला जिओमेत्रा नको. विझुरा हा मालकीचा पुरावा नव्हे, हेही तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते. नकाशात नसलेली खोली प्रत्यक्षात दिसली, तर नगरपालिकेतील परवानग्यांची फाईल पाहिल्याशिवाय एक युरोही हातातून सोडू नका.

माझी फिर्याद अजून तपासात आहे. ज्यांनी त्या भागात अशा दलालाला पैसे दिले आहेत आणि ज्यांना आता शंका येत आहे, त्यांनी बँकेच्या किंवा पोलिसांच्या उत्तराची वाट पाहू नये; तीन महिने शंका पक्की झाली त्या दिवसापासून मोजले जातात.